कानातली आई

प्राजक्ताबाई गेल्या त्या सकाळी त्यांच्या मुलाला कडकडून भूक लागली.

आता आई गेली म्हणून पोराला भूक लागूच नये, असा काही कायदा नाही. पण मयत अजून बाहेरच्या खोलीत आहे, बायका कडेनं बसून डोळे पुसताहेत, ओंकारमामा तिरडीच्या बांबूंसाठी फोनवर फोन करताहेत, आणि एकुलता एक मुलगा स्वयंपाकघरात उभ्या उभ्या डब्यातले शंकरपाळे मूठमूठ तोंडात कोंबतोय, हे कराडसारख्या गावात कोण पोटात घालील? शेजारच्या काकू पाणी प्यायला म्हणून आत गेल्या आणि तशाच बाहेर आल्या. तासाभरात सगळ्या आळीला कळलं.

शौनक देसाई तसा वाईट माणूस नव्हता हो. नाकासमोर चालणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. धरणाजवळच्या भूकंपमापन केंद्रात नोकरीला होता. डोंगराच्या पोटात जरा खुट्ट झालं तरी त्याला कळायचं, पण स्वतःच्या पोटात काय चाललंय ते जन्मापासून कधी कळलं नाही. शाळेत कुणी ढकललं, पेन्सिल पळवली, की हा पोट धरून बसायचा. बाई विचारायच्या, राग आला का, रडू येतंय का? तो अगदी खरं खरं सांगायचा की माहीत नाही. बाईंना तो उद्धटपणा वाटायचा आणि वर आणखी एक धपाटा मिळायचा.

डॉक्टरांनी तेव्हा समजावून सांगितलं ते असं. माणसाच्या मनात जे होतं, ते आधी शरीरात होतं. छाती धडधडते, आतडी आवळतात, तळहात गार पडतात. या सगळ्या खबरा मानेतून जाणाऱ्या एका लांबलचक मज्जातंतूवरून मेंदूकडे जातात, आणि तिथं मेंदू त्यांना नाव देतो. ही भीती, हा राग, हे दुःख. काही माणसांत हे नाव देण्याचं काम नीट होत नाही. खबर येते, पण ती कसली, ते उमजत नाही. आत काहीतरी होतंय एवढंच कळतं. याला वेड म्हणता येत नाही, पण असा माणूस घरात असला की बाकीच्यांचा जीव मेटाकुटीला येतो.

त्यावर एक यंत्र नुकतंच निघालं होतं. मानेवर कातडीच्या रंगाची पातळ पट्टी आणि कानामागे तांदळाएवढा दाणा. पट्टीनं मज्जातंतूवरची खबर ऐकायची, दाण्यानं तिचं नाव कानात सांगायचं. कंपनीनं ठेवलेलं नाव कुणाच्या जिभेवर बसलं नाही. लोक सरळ 'कानातली' म्हणायला लागले. घोडं एकाच ठिकाणी अडत होतं. आजची खबर परवाच्या खबरेसारखीच आहे, हे यंत्र छातीठोकपणे सांगे, पण तिला म्हणायचं काय, हे त्याला कुणा माणसानंच शिकवावं लागे. ज्याचं मन त्यालाच कळत नाही म्हटल्यावर दुसरं कुणीतरी हवं. त्याला साक्षीदार म्हणत. साक्षीदारानं काही महिने जवळ राहायचं, पट्टीनं खूण केली की त्या माणसाकडे नीट बघायचं आणि त्याला काय होतंय ते स्वतःच्या आवाजात सांगायचं. यंत्र शब्द उचलायचं आणि आवाजही उचलायचं.

सात वर्षांच्या पोराचा साक्षीदार कोण, यावर कुणी विचारसुद्धा केला नाही. आईला नाही कळणार तर कुणाला कळणार? डॉक्टर तेच म्हणाले, आजी तेच म्हणाली, प्राजक्ताबाईंनाही तसंच वाटलं. आईला पोराचं पोट कळतं, असं आपण म्हणतोच की.

तेव्हापासून शौनकच्या कानात आई बोलत होती. तो मोठा झाला, नोकरीला लागला, अन्विताशी लग्न केलं, तरी कानातली आई तिशीतलीच राहिली. घरातली आई म्हातारी झाली, तिचा आवाज चिरका झाला, गुडघे गेले, आणि आत ती तशीच तरणी, गोड, जरा घाईतली. शौनकला त्याचं काही वाटत नसे, किंवा वाटत असेल तर त्याचं नाव त्याला माहीत नव्हतं. त्या सकाळी मात्र आई समोर पडली होती, नाकात कापसाचे बोळे होते, आणि तीच आई त्याच्या कानात म्हणत होती, "शौनू, भूक लागलीय रे तुला. खाऊन घे बघू काहीतरी."

आणि तो खात होता.

स्मशानातून परत आल्यावर शेजाऱ्यांनी कडू घास आणला. पिठलं आणि भाकरी. असा घास नावाला खायचा असतो. माणसं भाकरीचा तुकडा मोडतात, गिळता गिळवत नाही, पाणी पितात आणि उठतात. शौनकनं ताट चाटूनपुसून साफ केलं आणि आणखी भाकरी आहे का म्हणून विचारलं. चेहऱ्यावरची माशी हलत नव्हती. ओंकारमामांनी मान खाली घातली. अन्वितानं मुकाट्यानं भाकरी वाढली, पण वाढताना तिचा हात लांबूनच आला. तिला एक जुनी गोष्ट आठवत होती आणि ती तिनं नवऱ्याला कधी माफ केली नव्हती.

पुढचे दिवस तसेच गेले. कानातली पूर्वी दिवसातून कधीतरी बोलायची, आता तिला खंड नव्हता. सुतकातलं ते घर, दार उघडं, येणारंजाणारं माणूस गप्प, आणि शौनकच्या डोक्यात मेलेली आई अखंड जेवायला बोलावतेय. एकदा त्यानं पट्टी काढून पाहिली. पण मग पोटातलं ते काहीतरी तसंच राहिलं आणि त्याला नावही उरलं नाही, तेव्हा त्याचा जीव इतका घाबराघुबरा झाला की त्यानं ती पुन्हा लावली. नाव चुकीचं का असेना, हाताला धरायला काहीतरी होतं.

दहाव्याला सगळे संगमाच्या घाटावर जमले. शौनकनं डोकं भादरलं होतं. गुरुजींनी पत्रावळीवर भाताचा पिंड ठेवला, नमस्कार झाले, माणसं मागे सरली. पलीकडे झाडावर कावळ्यांची ही गर्दी, पण एक खाली उतरेल तर शपथ. कावळा शिवेना म्हणजे गेलेल्या माणसाचा जीव कशात तरी अडकलाय, आणि तो कशात, हे मागे राहिलेल्यांनी ओळखायचं. ओंकारमामा पुढे झाले. घर विकणार नाही म्हणून सांगितलं. तुझ्या बांगड्या अन्विताला दिल्या म्हणून सांगितलं. तुझा शौनू आमच्या डोळ्यांसमोर राहील म्हणून सांगितलं. कावळे ढिम्म. ऊन चढलं, गुरुजी दर्भाचा कावळा करायच्या गोष्टी बोलू लागले, आणि माणसं शौनककडे बघायला लागली. मुलगा आहेस, तू सांग ना तिच्या मनात काय होतं!

ज्याला स्वतःचं मन सापडत नाही, त्याला आईचं विचारत होते. शौनक पिंडासमोर उभा राहिला. आतडी पिळवटून वर आली, आणि कानात आई कळवळून म्हणाली, "केवढी भूक लागलीय रे माझ्या राजाला! खा. समोर आहे ते खा."

तो वाकला आणि त्यानं पिंडातला घास मोडून तोंडात घातला.

गुरुजी दोन पावलं मागे गेले. मेलेल्या माणसाच्या नावानं ठेवलेलं अन्न जित्या माणसानं खाल्लेलं त्यांच्या हयातीत कुणी पाहिलं नव्हतं. शौनक सावकाश चावत होता, अगदी घरी बसल्यासारखा. त्यानं घास गिळला आणि त्याच क्षणी झाडावरून कावळे उतरले. एक नाही, सगळेच. त्याच्या पायांशी पिंडाच्या चिंध्या झाल्या आणि तो तिथून हललासुद्धा नाही.

ओंकारमामा ढसाढसा रडले. पोरगं उपाशी राहू नये एवढंच होतं हो तिच्या मनात, असं ते ज्याला त्याला सांगत राहिले. बाकीच्यांनी माना डोलावल्या खऱ्या, पण परतताना शौनकच्या जवळून कुणी चाललं नाही.

घरी आल्यावर मामांना बहिणीचं सगळं आठवायला लागलं. अन्वितापाशी बसून ते सांगत होते की प्राजूताई कधी रडली नाही. लहानपणी नाही, लग्नात नाही. नवरा गेला तेव्हा सबंध दिवस जोंधळे निवडत बसली. कुणी विचारलं की म्हणायची, काही नाही, जरा डोकं दुखतंय, चहा झाला की बरं वाटेल. अन्विता ऐकता ऐकता थांबली. हे वर्णन तिनं कुठंतरी ऐकलं होतं. ऐकलं कसलं, ती त्याच्याशी संसार करत होती.

तिनं शौनकला पुण्याला नेलं. डॉक्टर कौमुदी साने वयानं लहान होत्या, पण घाई करणाऱ्या नव्हत्या. त्यांनी सांगितलं, जुन्या काळी ज्याचं त्याचं यंत्र त्याच्यापुरतं बंद असायचं. आता लाखो माणसांच्या खबरा, त्यांच्या परवानगीनं, शेजारी शेजारी ठेवून बघता येतात. त्यांनी शौनकची पट्टी जोडली, बराच वेळ पडद्याकडे पाहिलं आणि मग खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"ज्याला तुमची आई भूक म्हणत होती, ती भूक नाहीये," त्या म्हणाल्या. "जठराचा यात संबंधच नाही. हे दुःख आहे, शौनक. लाखो माणसांत ते असंच दिसतं."

मग एकेक उलगडत गेलं. 'झोप आलीय तुला' म्हणजे राग. 'थंडी वाजतेय, स्वेटर घाल' म्हणजे भीती. प्राजक्ताबाईंनी फसवलं नव्हतं. त्यांना जे कळलं ते त्यांनी सांगितलं, आणि त्यांना एवढंच कळत होतं, कारण त्यांच्या स्वतःच्या घरातही त्यांना कुणी दुसरे शब्द दिले नव्हते. पोरगं कोमेजलं की त्याला भरवायचं, धुसफुसलं की निजवायचं, थरथरलं की गुंडाळायचं. आपल्याकडच्या किती आया दुसरं काय करतात? यंत्र बिचारं आज्ञाधारक. त्यानं शिकवलं तेवढं पाठ केलं.

अन्विताचा रंग उडाला होता. ती डॉक्टरांकडे न बघता नवऱ्याला म्हणाली, "आपलं बाळ पोटातच गेलं, त्या दिवशी मी आत पडले होते आणि तू कॅन्टीनमध्ये पोह्यांवर पोहे खात बसला होतास. नर्स हसत होत्या. मला वाटलं, या माणसाच्या आत कुणी नाहीच."

शौनकच्या कानात आई म्हणत होती, भूक लागलीय. यावेळी तो उठला नाही, बसून राहिला, आणि म्हणाला, "त्या दिवशी मला फार भूक लागली होती गं." अन्विताला ते कळलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती त्याच्यासाठी रडली.

मग तिनं डोळे पुसले आणि डॉक्टरांना विचारलं, की सासूबाई प्रेमाला काय म्हणायच्या? डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा शोधलं. त्याला नावच नव्हतं. काही खबरा साक्षीदारानं तशाच सोडून दिल्या होत्या, आणि त्या आल्या की यंत्र गप्प राहत होतं. त्यातली कुठली कशाची, हे आता सांगता येत नव्हतं. अन्विता बरं म्हणाली, पण तिचं बरं म्हणणं काही बरं नव्हतं.

यंत्राला नव्यानं शिकवता येईल, असं डॉक्टर म्हणाल्या. पण शब्द आणि आवाज खिचडीतल्या डाळतांदळासारखे एकमेकांत शिजलेले होते. चुकीचे शब्द जायचे तर आईही जाणार. शौनकनं मुदत मागितली. आता तर त्याला आईची भाषा समजायला लागली होती. ती भूक म्हणाली की तो मनात दुःख म्हणायचा, थंडी म्हणाली की भीती. हे असंच चालवू, असं तो म्हणत होता. कोण आपल्या हातानं आईला दुसऱ्यांदा मारील?

पण संध्याकाळी अन्विता काही बोलायला लागली की तो मान तिरकी करून ऐकत राही, आणि ते ऐकणं तिच्या बोलण्याचं नसे. एकदा तिनं भाजी परतता परतता शांतपणे सांगितलं, की या घरात ती तिसरी आहे. मेलेल्या बाईशी भांडायची तिच्यात ताकद नाही. आईला ठेव नाहीतर मला, असं ती म्हणाली नाही, पण तिची बॅग दोन दिवस पलंगावर उघडी पडली होती. शौनकला कानातून स्वेटर घालायला सांगितलं गेलं. त्यानं पुण्याला फोन लावला.

पुसायला काहीच वेळ लागला नाही. डॉक्टरांनी विचारलं, तयार आहात ना, त्यानं मान हलवली. पाठीच्या कण्यातून गार शिरशिरी गेली आणि आई लगबगीनं म्हणाली, "थंडी वाजतेय का शौनू? थांब हं, मी आलेच तुझा..." एवढ्यावर ती थांबली. शौनक पुढच्या शब्दाची वाट बघत राहिला. तो शब्द आला नाही.

आता नवा साक्षीदार हवा होता. यंत्रानं परस्पर माणसाला त्याचं मन सांगायचं नाही, असा कायदा मधल्या काळात झाला होता. लाखो माणसांवरून यंत्रानं अंदाज करावा, तो फक्त साक्षीदाराला दाखवावा, आणि शेवटचा शब्द माणसानंच द्यावा, तोही एकांतात. कायदा करणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. डॉक्टरांनी अन्विताला नीट समजावलं, की त्याच्याकडे बघून बोला, स्वतःकडे बघून नको. पडदा तिच्या बाजूला वळवला आणि दार ओढून घेऊन त्या गेल्या.

दोघं समोरासमोर बसले. पहिली खबर अशीच घ्यायची असते, जवळच्या माणसाकडे नुसतं बघून. शौनकनं बायकोकडे पाहिलं. कान रिकामा होता. खोलीत एवढी शांतता त्यानं सात वर्षांचा असल्यापासून ऐकली नव्हती. पाठीतून पुन्हा ती गार शिरशिरी चढली, मानेपर्यंत आली, तळहात ओले झाले. आणि त्याला कळलं. कुणी न सांगता, आतून, साफ कळलं की ही थंडी आहे, म्हणजे ही भीती आहे. ही बाई आता मला जे सांगेल ते मी होणार, याची भीती.

पट्टीनं खूण केली. अन्वितानं पडद्यावरचा अंदाज वाचला. पुन्हा वाचला. मग तिनं डोळे वर केले, आणि शौनकला आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या कुणाच्या तोंडावरचं काहीतरी वाचता आलं. आईच्या भाषेत वाचता आलं. अन्विताला भूक लागली होती. लग्नापासूनची, साठून राहिलेली, हाडापर्यंत गेलेली भूक.

"प्रेम," ती म्हणाली. मग नियमाप्रमाणे तिनं विचारलं, "बरोबर वाटतंय तुला?"

खरं सांगायला एक शब्द पुरला असता, आणि तो शब्द त्याच्याकडे होता. पण समोरचं माणूस उपाशी असताना आधी त्याच्या ताटात वाढायचं असतं, दुसरं काही त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

"हो," शौनक म्हणाला. "तेच आहे."

यंत्रानं शब्द घेतला, आवाज घेतला. अन्विता उठून त्याच्याजवळ आली आणि तिनं त्याचं डोकं पोटाशी धरलं. डॉक्टर आत आल्या तेव्हा त्यांना वाटलं, फार छान सुरुवात झाली.

परतताना खंबाटकीच्या घाटात एका वळणावर वरून एक ट्रक ब्रेक सुटून घसरत खाली आला. शौनकनं गाडी कड्याकडे दाबली. ट्रक आरसा उडवून, हातभर अंतरानं निघून गेला आणि खाली कुठंतरी दगडांवर आदळल्याचा आवाज आला. शौनकच्या पाठीतून तीच गार शिरशिरी चढली, तळहात ओले झाले, आणि त्याच्या कानात अन्विता अतिशय हळुवारपणे म्हणाली, "प्रेम."

शेजारी बसलेली अन्विता पांढरीफटक पडली होती. जरा श्वास परत आल्यावर तिनं त्याच्या कानाकडे बघून विचारलं, "काय म्हणाली?"

त्यानं सांगितलं.

तिला पडद्यावर वाचलेला शब्द आठवला. मग तिनं त्याचा गार पडलेला हात आपल्या हातात घेतला आणि म्हणाली, "चल." घाट अजून अर्धा बाकी होता.